डावखुऱ्या पिचरला सामोरी जाणारी मुले

मुलांना बेसबॉलची फलंदाजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते. आठवडाभर सरावात चेंडू खणखणीत मारणारे मूल सामन्यात डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, समोर आला की एकाएकी परके वाटू लागते. चांगला स्ट्राइक, म्हणजे मारायला हवा असा टप्प्यातला चेंडू, ते नुसते बघत राहते, अंगापासून लांबच्या चेंडूवर उगाच बॅट घालते आणि डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेत, परतताना स्वतःच्या हातांकडे पाहते. मग आम्ही प्रशिक्षक मंडळीही त्या हातांकडेच पाहू लागतो. कोपर वर ठेव, हात लवकर आण, जोर कमी कर, अशा सूचनांचा भडिमार होतो आणि आधीच गोंधळलेले मूल पुढच्या वेळी आणखी गोंधळून बॉक्समध्ये, म्हणजे फलंदाजाच्या चौकटीत, उभे राहते. माझे मत असे झाले आहे की यातल्या बहुतेक मुलांच्या फटक्यात काहीही बिघडलेले नसते. चेंडू कुठून सुटणार आणि कोणत्या वाटेने येणार याची जी सवय डोळ्यांना लागलेली असते, ती डावखुऱ्यासमोर चुकीची ठरते. त्यामुळे उपाय फटक्यात शोधण्याआधी तो नजरेत शोधावा, आणि नजर सुधारायची तर मुलांना तो चेंडू पुरेशा वेळा पाहायला मिळाला पाहिजे.

तो पाहायला मिळत नाही, हीच खरी अडचण आहे. जगात साधारण दहापैकी एक माणूस डावखुरा असतो. अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत पिचरपैकी सुमारे पाव किंवा त्याहून थोडे अधिक डावखुरे असतात, कारण तिथे त्यांना मुद्दाम शोधून, जोपासून वर आणले जाते. मुलांच्या स्पर्धांमध्ये तशी निवड झालेली नसते, त्यामुळे एखाद्या संघात एक डावखुरा पिचर असतो आणि पुष्कळ संघांत एकही नसतो. त्यात पिचरच्या हाताचे रक्षण करणारे नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत ९ ते १० वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ आणि ११ ते १२ वर्षांच्या मुलाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. म्हणजे प्रतिस्पर्धी संघात डावखुरा पिचर असला तरी एका फलंदाजाच्या वाट्याला त्याचे मोजकेच चेंडू येतात आणि त्यानंतर कित्येक आठवडे तसा चेंडू दृष्टीसही पडत नाही. एवढ्या तुटपुंज्या अनुभवावर मूल काय शिकणार?

हा फरक किती मोठा असतो, ते थोडे मोजून पाहण्यासारखे आहे. लिटल लीगमध्ये १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पिचर ज्यावर पाय ठेवून चेंडू टाकतो त्या रबरापासून होम प्लेटचे, म्हणजे फलंदाजाच्या शेजारच्या पट्टीचे, अंतर ४६ फूट असते, तर मोठ्यांसाठी ते ६० फूट ६ इंच असते. पिचर पाऊल पुढे टाकतो, त्यामुळे लहान मुलाच्या हातून चेंडू सुटतो तेव्हा प्लेट साधारण ४२ फुटांवर असते. मुलाचा हात मधल्या रेषेपासून २ फूट बाजूला असेल असे धरले, तर चेंडू जवळजवळ पावणेतीन अंशांच्या तिरक्या रेषेत येतो. मोठ्या माणसाचा हात अडीच फूट बाजूला असला तरी त्याच्यापुढे सुमारे ५४ फूट अंतर असल्यामुळे त्याची तिरकी रेषा अडीच अंशांच्या थोडी वर भरते. थोडक्यात, हात आखूड असूनही लहान पिचरचा चेंडू मोठ्यांइतकाच किंवा किंचित अधिक तिरका येतो. शिवाय उजव्या हाताच्या मुलाचा आणि डावखुऱ्या मुलाचा चेंडू सुटण्याच्या जागांमध्ये ४ फुटांचे अंतर पडते. होम प्लेटची रुंदी १७ इंच असते, म्हणजे हे अंतर जवळजवळ तीन प्लेट शेजारी शेजारी ठेवल्या तर होईल तेवढे आहे. ताशी ६० मैल वेगाचा चेंडू ते ४२ फूट अर्ध्या सेकंदाच्या आत पार करतो. या अवधीतला पहिला तुकडा जर डोळे चुकीच्या जागी शोधण्यात गेला, तर उरलेल्या वेळात कितीही चांगला फटका असला तरी तो उशिराच निघणार.

उजव्या हाताने फलंदाजी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक विसंगती आहे. मोठ्यांच्या खेळात उजवा फलंदाज डावखुऱ्या पिचरसमोर सहसा अधिक यशस्वी ठरतो, कारण चेंडू पहिल्या बेसच्या (प्लेटकडून पाहता उजव्या) बाजूने, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोरून सुटतो आणि वाटेत तो त्याला अधिक काळ नीट दिसतो. सैद्धांतिकदृष्ट्या हाच लाभ लहान मुलालाही मिळायला हवा. पण त्याच्या मनात उजव्या पिचरचा नकाशा पक्का बसलेला असतो. डावखुऱ्याचा जो चेंडू सुटताना प्लेटच्या बाहेर चाललेला दिसतो, तो तिरका आत येऊन बाहेरच्या, म्हणजे फलंदाजापासून लांबच्या, कडेवर स्ट्राइक होतो आणि मूल अविश्वासाने पंचाकडे पाहते. जो चेंडू मधोमध येतोय असे वाटते, तो शेवटी हातांच्या जवळ शिरतो आणि बॅटच्या मुठीजवळ लागतो. पुढे वय वाढले की चेंजअप, म्हणजे फसवा हळू चेंडू, शिकलेला डावखुरा पिचर भेटतो. त्याचा चेंजअप उजव्या फलंदाजापासून दूर सरकत खाली बसतो, आणि जोरात बॅट ओढणारे मूल त्यावर शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, हलकासा सरपटी चेंडू मारून बाद होते.

अशा मुलाला मी एकच योजना देतो. चेंडू पिचरच्या डोक्यावरून किंवा थोडा उजव्या-मध्य मैदानाकडे परत पाठवायचा, एवढेच डोक्यात ठेवून बॉक्समध्ये जायचे. यामागे कारण आहे. त्या दिशेचा विचार केला की पुढचा खांदा आपोआप आत राहतो, चेंडूला थोडे अधिक जवळ येऊ दिले जाते आणि बाहेरच्या कडेचा चेंडू तसेच दूर सरकणारा चेंजअप, हे दोन्ही बॅटच्या टप्प्यात राहतात. आतल्या चेंडूवर या योजनेत थोडे नुकसान होते, हे मान्यच आहे. पण लहान वयात सातत्याने आतल्या कडेवर अचूक चेंडू टाकू शकणारे पिचर फार थोडे असतात, आणि जे टाकतात त्यांचा एखादा चेंडू सोडून दिल्याने काही बिघडत नाही. आतल्या चेंडूसाठी हात अंगालगत ठेवून बॅट पुढे नेण्याचे कौशल्य वेगळे शिकवावे, पण ते डावखुऱ्यासमोरच्या पहिल्या धड्यात मिसळू नये.

डाव्या हाताने फलंदाजी करणाऱ्या मुलाचा प्रश्न खरोखर कठीण आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. तो प्लेटच्या पहिल्या बेसकडच्या बाजूला, उजवा खांदा पिचरकडे करून उभा असतो. डावखुऱ्या पिचरचा चेंडू त्याच बाजूने सुटतो, म्हणजे जणू त्याच्या पाठीमागून. त्याला तो पाहायचा तर मान नेहमीपेक्षा अधिक वळवावी लागते, आणि ती तशी वळली नाही तर स्वतःचे नाकच मागच्या, म्हणजे डाव्या डोळ्याच्या आड येते. मग मूल प्रत्यक्षात एकाच डोळ्याने चेंडू पाहत असते, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बाहेरून त्याची उभे राहण्याची ढब अगदी व्यवस्थित दिसते. त्यातच कर्व्हबॉल, म्हणजे वाटेत वळणारा चेंडू, टाकणारा पिचर असला तर चेंडू खांद्याच्या रोखाने निघतो, शरीर स्वाभाविकपणे मागे हटते आणि चेंडू वळून प्लेटच्या बाहेरच्या कडेवर जातो. ही भीती केवळ लहान मुलांची आहे असे कोणी समजू नये. १९९७ च्या ऑल-स्टार सामन्यात क्लीव्हलँडला रँडी जॉन्सन या ६ फूट १० इंच उंचीच्या डावखुऱ्या पिचरने लॅरी वॉकरच्या डोक्यावरून चेंडू फेकला, तेव्हा वॉकर हेल्मेट उलटे करून पुढच्या चेंडूसाठी चक्क उजव्या बाजूच्या बॉक्समध्ये जाऊन उभा राहिला. तो प्रसंग हसतखेळत घडला, तरी त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाला सर्व जगासमोर ते करावेसे वाटले, यातच डाव्या फलंदाजाची अडचण पुरेशी स्पष्ट होते.

म्हणून डाव्या फलंदाजाशी बोलताना पहिली गोष्ट मानेची. हनुवटी पुढच्या खांद्यावर टेकेल इतकी मान वळव, मग एकेक डोळा मिटून पिचरचा हात दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळा दिसतो का ते तपासून पाहा, असे मी सांगतो. मागच्या डोळ्याला हात दिसत नसेल तर पुढचे पाऊल दोन-तीन इंच प्लेटपासून दूर ठेवून ढब किंचित उघडी करायची. मात्र हे पाऊल चेंडू येताना पुन्हा पिचरच्या सरळ रेषेत पडले पाहिजे. उघड्या ढबीतून आणखी बाहेर पाऊल टाकणारे मूल बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचूच शकत नाही, आणि मग ढब उघडण्याचा सगळा उद्देश वाया जातो.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि ती तोंडी उपदेशाने जात नाही. घाबरू नको असे सांगितल्याने कोणतेही मूल घाबरायचे थांबलेले मी पाहिलेले नाही. चेंडू अंगावर आला तर काय करायचे हे शरीराला ठाऊक झाले की मन आपोआप शांत होते. त्यासाठी टेनिस बॉल किंवा मऊ चेंडू घेऊन, हेल्मेट घातलेल्या मुलाच्या अंगाच्या रोखाने हळू चेंडू टाकायचे आणि त्याला वळायला शिकवायचे: पुढचा खांदा आत घेत कॅचरच्या, म्हणजे प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याच्या, दिशेने फिरायचे, हनुवटी छातीशी, बॅट खाली, आणि चेंडू पाठीच्या मांसल भागावर किंवा खांद्याच्या मागे लागू द्यायचा. बहुतेक मुले प्रथम नेमके उलटे करतात. ती छाती पिचरकडे उघडून मागे उडी मारतात आणि चेहरा व बरगड्या समोर आणतात. चार-सहा मऊ चेंडू पाठीवर झेलले की ती स्वतःच हसायला लागतात आणि पुन्हा टाका म्हणतात. या सरावानंतर त्याच मुलांची कर्व्हबॉलवर मागे हटण्याची खोड बरीच कमी होते, कारण आत वळण्याची सुरुवात आणि चांगल्या फटक्याची सुरुवात एकच असते. दोन्हींत पुढचा खांदा बंद राहतो.

मूल मागे हटते की नाही, हे ओळखण्यासाठी डोळ्यांवर विसंबू नये. सरावाआधी बॉक्समधली माती झाडूने सपाट करून ठेवावी, आणि मुलाने काही चेंडू खेळल्यावर पुढच्या पायाचे ठसे वाकून पाहावेत. पाऊल पिचरच्या दिशेने पडत असेल तर ठसे एकावर एक पडतात आणि तिथे एक छोटा, काठ स्पष्ट असलेला खळगा तयार होतो. मूल हटत असेल तर टाचेच्या खुणा पंख्यासारख्या पसरत प्लेटपासून दूर गेलेल्या दिसतात, आणि बुटाच्या पुढच्या टोकाने माती बाजूला ओढलेली असते. ही माती मुलालाच दाखवावी. तू मागे सरकतोस असे दहा वेळा सांगून जे पटत नाही, ते त्याला स्वतःचा ठसा पाहून एका क्षणात पटते. कित्येकदा त्याने ते अजिबात मान्य केलेले नसते, कारण त्याला खरोखरच आपण सरळ पाऊल टाकले असे वाटत असते.

आता तो चेंडू पुरेशा वेळा दाखवायचा कसा, याकडे वळतो. आपल्या संघात डावखुरा पिचर असेल तर त्याला सर्वांच्या फलंदाजीच्या सरावासाठी राबवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा; वाढत्या वयातल्या मुलाचा खांदा आणि कोपर ही काही यंत्रे नव्हेत. पण तोच मुलगा सामन्याच्या तयारीसाठी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, ठरलेले चेंडू टाकणारच असतो. त्या वेळी फलंदाजांनी हेल्मेट घालून, बॅट न फिरवता, पाळीपाळीने प्लेटजवळ उभे राहावे. प्रत्येक चेंडूवर पाऊल टाकायचे, मान स्थिर ठेवून चेंडू कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत पाहायचा आणि ग्लोव्हमध्ये पडण्याआधी मोठ्याने बोलायचे: स्ट्राइक की बॉल (टप्प्याबाहेरचा चेंडू), सरळ की वळणारा. सुरुवातीला मुलांची उत्तरे चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्यानंतर येतात, पुढे ती हळूहळू चेंडू अर्ध्या वाटेत असताना येऊ लागतात. यासारखा स्वस्त आणि परिणामकारक सराव मला दुसरा माहीत नाही, आणि यात पिचरच्या हातावर एका चेंडूचाही जास्तीचा भार पडत नाही.

संघात डावखुरा नसेल तर उजव्या हाताचा प्रशिक्षकही कोन तयार करू शकतो. साधारण ३० फुटांवरून वरच्या हाताने चेंडू टाकत असाल, तर संरक्षक जाळी आणि स्वतःला साडेतीन ते चार फूट पहिल्या बेसच्या बाजूला सरकवा, म्हणजे तुमचा उजवा हात साधारण तिथे येईल जिथून लहान डावखुऱ्याचा चेंडू येतो. चेंडूची फिरकी खऱ्या डावखुऱ्यासारखी होणार नाही, पण मुलांना प्रथम कोनाचीच गरज असते. ज्या प्रशिक्षकांना डाव्या हाताने बऱ्यापैकी टाकता येते त्यांनी तर १५ ते २० फुटांवरून, जाळीच्या आडून, खालच्या हाताने टाकावे. वेग नसला तरी चेंडू कोणत्या हातातून सुटतो हे मुलाला दिसते. चेंडू फेकणारे यंत्र बाजूला सरकवूनही कोन मिळतो. मात्र यंत्राला खांदा, कोपर आणि मनगट नसते, आणि डावखुऱ्यासमोर नजरेला नेमका तोच हात शोधण्याची सवय लावायची असते, म्हणून यंत्राला मी दुय्यम स्थान देतो.

टीवरचा, म्हणजे उभ्या दांडीवर चेंडू ठेवून मारण्याचा, सराव यात मागे पडू नये. उजव्या फलंदाजासाठी चेंडू प्लेटच्या बाहेरच्या कडेवर आणि नेहमीपेक्षा थोडा मागे ठेवावा, आणि तो उजव्या-मध्य दिशेला सरळ रेषेत मारायला सांगावे. डाव्या फलंदाजासाठी तेच, पण दिशा डाव्या-मध्य मैदानाची. आतला चेंडू जिथे गाठतात तिथेच बाहेरचा चेंडू गाठायचा प्रयत्न केला की मनगटे लवकर वळतात आणि चेंडू जमिनीवर घसरतो. टी मागे सरकवली की मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

सामन्याच्या दिवशी सांगण्यासारखे फार थोडे असते. डगआउटमध्ये बसलेल्या मुलांनी डावखुऱ्याचा चेंडू कोणत्या उंचीवरून आणि टोपीपासून किती बाजूने सुटतो हे पाहून ठेवावे. पुढच्या फलंदाजाने थांबायच्या ऑन-डेक वर्तुळात बॅट फिरवण्यापेक्षा ते अधिक उपयोगी ठरते. बॉक्समध्ये आल्यावर नजर आधी पिचरच्या टोपीवर किंवा छातीवर सैल ठेवायची आणि हात मागून वर येऊ लागला की चेंडू सुटण्याच्या त्या ठरलेल्या चौकटीकडे न्यायची. सुरुवातीपासूनच हाताकडे टक लावून पाहिले तर डोळे थकतात आणि हात हलू लागला की त्याच्यामागे भरकटतात. स्ट्राइक नसलेला पहिला चेंडू सोडून देणे यात अपमान नाही. डावखुऱ्याचा पहिला चेंडू नुसता पाहिल्याने दुसरा चेंडू पुष्कळ सोपा होतो.

एका गोष्टीबद्दल मात्र मला मनापासून तळमळ वाटते. समोरच्या संघाने डावखुरा पिचर उतरवला की आपले डावे फलंदाज खाली बसवायचे, ही मोठ्यांच्या खेळातली चाल मुलांच्या संघात आणणारे प्रशिक्षक आहेत. मेजर लीगमध्ये ती चाल जुनी आहे. न्यूयॉर्क यँकीजचा व्यवस्थापक केसी स्टेंगल याने तिचा पद्धतशीर वापर करून सामने जिंकले, आणि एकाच डाव्या फलंदाजासाठी डावखुरा पिचर आणण्याची पद्धत इतकी रुळली होती की २०२० पासून पिचरने किमान तीन फलंदाजांना किंवा त्या पाळीच्या अखेरपर्यंत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम करावा लागला. तिथे खेळाडू घडलेले असतात आणि सामना जिंकणे हेच काम असते. १० किंवा १२ वर्षांच्या मुलाला त्याच्या सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत गरजेच्या अनुभवापासून दूर ठेवून आपण त्याला काय शिकवतो? डाव्या फलंदाजाला डावखुऱ्यासमोर जमतच नाही, ही समजूत तर सरळ चुकीची आहे. इचिरो सुझुकीने २००४ मध्ये एका हंगामात २६२ हिट्सचा, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठण्याचा, विक्रम केला, आणि अमेरिकेतल्या त्याच्या एकूण कारकिर्दीत त्याची फलंदाजीची सरासरी डावखुऱ्या पिचरसमोर उजव्यांपेक्षा सरस राहिली. तो डाव्या हाताने फलंदाजी करत होता. चेंडूला शेवटपर्यंत पाहून डाव्या बाजूच्या मैदानात तो मारण्याची त्याची पद्धत डाव्या फलंदाजी करणाऱ्या प्रत्येक मुलाने पाहावी अशी आहे.

प्रगती मोजताना हिट्स मोजू नयेत, निदान पहिल्या हंगामात तरी नाही. डावखुऱ्यासमोरच्या प्रत्येक पाळीनंतर मी वहीत तीन गोष्टी लिहितो: प्लेटबाहेरचे किती चेंडू मुलाने शांतपणे सोडले, ज्या चेंडूंवर बॅट घातली त्यांतले किती स्ट्राइक होते, आणि बॅटला लागलेला चेंडू कोणत्या दिशेने गेला. सुरुवातीला ओढून मारलेले फाउल (रेषेबाहेर गेलेले चेंडू) आणि आपल्याच बाजूला गेलेले सरपटी चेंडू जास्त दिसतात. मग पिचरच्या पायाजवळून जाणारे चेंडू येऊ लागतात, आणि विरुद्ध बाजूचे फाउल येऊ लागतात. विरुद्ध बाजूच्या फाउलवर प्रेक्षकांत बसलेले पालक हळहळतात, पण प्रशिक्षकाने तिथे मोठ्याने टाळी वाजवावी आणि ती कशासाठी आहे हे पाळी संपल्यावर मुलाला सांगावे.